जुन्या गाडीचे हेडलाइट मिणमिणतात? नवे बल्ब घेण्याआधी हे तपासा

आधी लक्षणं बघू.

हेडलाइट लावले की उजेड तांबूस-पिवळा पडतो आणि पंधरा पावलांपलीकडचा खड्डा दिसत नाही. गाडी उभी असताना दिवे मंद असतात, ॲक्सिलरेटर दिला की जरा जीव येतो. एक डोळा मोठा, एक बारीक. किंवा दोन्ही दिवे चांगले लख्ख, पण उजेड सगळा झाडांच्या शेंड्यांवर. डिपर मारला की झोत खाली यायच्या ऐवजी वर जातो. दर महिन्या-दोन महिन्यांनी बल्ब उडतो. दहा मिनिटांत लाइटचा स्विच हाताला गरम लागतो.

यातलं एक जरी तुमच्या गाडीत असेल, तर दोष बहुतेक वेळा बल्बात नसतो. मी गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो आणि मंद हेडलाइटची तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा आली आहे की गाडी दारात उभी राहिली की मी आधी मल्टिमीटर काढतो. मालकाच्या हातात मात्र हमखास नव्या बल्बांचा खोका असतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

इथे मी मुख्यतः १९२० ते १९५५ मधल्या ६ व्होल्टच्या गाड्यांबद्दल लिहितोय. फोर्ड मॉडेल ए त्यातलीच. शेव्हर्लेही १९५४ पर्यंत ६ व्होल्टचीच होती. १९२८ पासून मुंबईत शिवडीला शेव्हर्लेची जुळणी व्हायची, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतून आणि गोठ्यांतून अजूनही एखादी निघते. विलायती गाड्यांमध्ये काही ६, काही १२ व्होल्टच्या आहेत. तपासण्याची पद्धत तीच, फक्त १२ व्होल्टच्या गाडीत व्होल्टचे आकडे दुप्पट आणि अँपिअरचे निम्मे धरा.

दोष नसलेले दोष

दोन गोष्टींवर लोक उगाच पैसे घालवतात.

फोर्ड मॉडेल टी बॅटरीशिवायची असेल, म्हणजे १९१५ नंतरची मॅग्नेटोवर (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्रावर) दिवे चालणारी, तर इंजिनाच्या वेगाबरोबर उजेड वरखाली होणारच. तिची रचनाच तशी आहे. तिचे दोन्ही दिवे सिरीजमध्ये, म्हणजे एकाच वाटेवर एकामागे एक असतात, म्हणून एक बल्ब गेला की दुसराही विझतो. उडालेला एकच बल्ब बदला.

दुसरी गोष्ट १९३० च्या दशकातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांची. त्यांच्यात ल्युकस कंपनीची अशी व्यवस्था होती की डिपर मारला की उजवा दिवा पूर्ण विझतो आणि डाव्या दिव्यातला रिफ्लेक्टर विद्युतचुंबकाने खाली झुकतो. एक दिवा विझला म्हणून वायरिंग उपसू नका. डाव्या बाजूला कान लावा. डिपर मारताना ‘टक्’ असा आवाज आला आणि झोत खाली गेला, तर सगळं ठीक आहे. आवाज आला पण झोत अर्ध्यावर अडकला, तर रिफ्लेक्टरची खिटी गंजलेली आहे. ती मोकळी होईपर्यंत डिपर वापरू नका, नाहीतर आतली कॉइल जळते.

६ व्होल्टचा हिशोब

हा हिशोब डोक्यात बसला की पुढची प्रत्येक तपासणी आपोआप सुचते.

३६ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर मिळून ६ अँपिअर घेतात. ६ व्होल्टचे तेवढ्याच वॅटचे बल्ब १२ अँपिअर ओढतात. वाटेत कुठे गंजलेला जोड असेल आणि त्याचा अडथळा ०.०५ ओहम असेल, तर १२ व्होल्टच्या गाडीत तो ०.३ व्होल्ट खातो, म्हणजे शेकडा अडीच. ६ व्होल्टच्या गाडीत तोच जोड ०.६ व्होल्ट खातो, शेकडा दहा. गंज तेवढाच, नुकसान चौपट.

त्यावर आणखी एक. तारेच्या बल्बाचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याच्या साधारण साडेतीनाव्या घाताने घसरतो. बल्बापर्यंत ६ ऐवजी ५ व्होल्ट पोचले तर उजेड निम्म्याच्या जरासा वर उरतो. म्हणून आपण बल्ब बदलत राहतो आणि फरक काही पडत नाही. नव्या बल्बालाही तेच ५ व्होल्ट मिळत असतात.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

बल्ब काढा आणि त्याच्या पितळी टोपीवर काय कोरलंय ते वाचा. हसू नका. ६ व्होल्टचे बल्ब दुकानात पटकन मिळत नाहीत. दुकानदार ‘बसतो की हा’ म्हणून १२ व्होल्टचा देतो आणि तो खरंच बसतो. ६ व्होल्टवर त्याचा उजेड दहाव्या हिश्श्याइतकाच पडतो, देवघरातल्या समईएवढा. कधी जुन्या स्कूटरचा बल्ब सापडतो. तो ६ व्होल्टचा असतो, पण वॅट कमी आणि तार भलत्याच उंचीवर. दोन्ही बाजूंचे बल्ब एकाच वॅटचे आहेत ना, हेही बघा. ‘एक डोळा बारीक’ची निम्मी प्रकरणं इथेच मिटतात.

बल्बाच्या दोन्ही खिट्या समोरासमोर एका उंचीवर असतील, तर तो उलटाही बसतो. तसा बसला की वरची तार खाली आणि खालची वर जाते, शिवाय दोन्ही टोकांची जोडणीही अदलाबदल होते. झोत भलतीकडे जात असेल तर आधी हे बघा. बल्ब अर्धा फेरा फिरवून परत बसवा.

डॅशबोर्डवर ॲमीटर (प्रवाह मोजणारा काटा) असेल तर इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावा. ३६ वॅटचे दोन बल्ब असतील तर काटा वजा बाजूला १२ च्या आसपास जायला हवा, मागचा दिवा धरून थोडा जास्तच. तो ७-८ वरच थांबत असेल, तर वाटेत कुठेतरी प्रवाह अडतोय. ही मोजणी ढोबळ आहे, जुन्या काट्यावर एक-दोन अँपिअर इकडेतिकडे होणारच. पण पैसा लागत नाही आणि दिशा कळते.

मग बॅटरी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत ६.३ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. दिवे लावल्यावर पाच मिनिटांत ते ५.८ च्या खाली आले, तर आधी बॅटरी चार्ज करा आणि मगच पुढची मोजमापं घ्या. मेलेल्या बॅटरीवर घेतलेले आकडे फसवतात.

मल्टिमीटरची अर्ध्या तासाची कसोटी

सगळ्यात जास्त गाड्या इथे सुधारतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

मोजणी दिवे चालू ठेवूनच करायची. बल्ब काढून होल्डरमध्ये मीटर लावला तर तो पूर्ण ६ व्होल्ट दाखवतो, कारण प्रवाहच वाहत नसतो. केसाएवढ्या तारेतूनही मीटरला पूर्ण व्होल्टेज मिळतं. १२ अँपिअर वाहू लागले की तीच तार गुदमरते. ‘मीटरवर करंट बरोबर येतोय, म्हणजे बल्बच खराब’ हा निष्कर्ष याच चुकीतून निघतो.

हेडलाइट लावा. मीटरची एक पिन बॅटरीच्या जिवंत टोकावर, दुसरी बल्ब होल्डरच्या मागच्या जिवंत टोकावर. मीटर जो आकडा दाखवेल तेवढे व्होल्ट येताना वाटेत सांडतायत. ०.३ पर्यंत चालवून घ्या. त्यापुढे गेला तर शोध सुरू करा. आता एक पिन बल्बाच्या पितळी टोपीवर आणि दुसरी बॅटरीच्या अर्थिंगच्या, म्हणजे चेसिसला जोडलेल्या टोकावर ठेवा. इथे ०.१ पेक्षा जास्त आलं तर अर्थिंग खराब आहे. मॉडेल ए मध्ये बॅटरीचं धन टोक चेसिसला जोडलेलं असतं, त्यामुळे आकड्यापुढे वजाची खूण आली तरी गोंधळू नका.

अर्थिंगवर माझा सगळ्यात जास्त राग आहे आणि त्याला कारण आहे. एकदा नुकतीच रिस्टोअर केलेली मॉडेल ए आली. रंग असा की त्यात तोंड बघावं. चेसिस, मडगार्ड, हेडलाइटचा आडवा दांडा, सगळ्यावर जाडजूड पावडर कोटिंग. मालकांनी वर्षात तीन वेळा बल्ब बदलले होते. अर्थिंगच्या बाजूला मीटरने १.१ व्होल्ट दाखवले! या गाड्यांत हेडलाइटचा परतीचा प्रवाह दिव्याच्या कवचातून दांड्यात, दांड्यातून मडगार्डच्या बोल्टांत आणि तिथून चेसिसमध्ये जातो. कारखान्याच्या पातळ रंगाखाली बोल्ट पत्र्याला चावून बसायचे. पावडर कोटिंग म्हणजे प्लॅस्टिकच, त्यावर ते नुसते टेकतात. मी प्रत्येक हेडलाइटच्या आतून एक वेगळी अर्थिंगची वायर काढून थेट चेसिसला लावली. जोड दांड्याच्या आतून नेला, बाहेरून काही दिसत नाही. खर्च दोन लग (वायरच्या टोकाला लावायच्या धातूच्या टोप्या), दोन बोल्ट आणि हातभर वायर. त्या रात्री मालक फोनवर म्हणाले, ‘अहो, रस्ता दिसतोय!’

तुमच्या गाडीला तिच्या जन्मापासून असं काही नव्हतं म्हणून ते लावायला लाजू नका. प्रदर्शनात परीक्षक दिव्याच्या पोटात हात घालत नाहीत.

जिवंत बाजूला व्होल्टेज सांडत असेल तर बॅटरीच्या टोकावरची पिन तशीच ठेवा आणि दुसरी पिन एकेक जोड मागे सरकवत आणा: होल्डर, चेसिसवरचा जोड, डिपर, मुख्य स्विच, ॲमीटर. ज्या दोन ठिकाणांमध्ये आकडा एकदम पडतो, दोष तिथे. मॉडेल ए चा लाइट स्विच स्टिअरिंगच्या खांबाच्या बुडाशी असतो. त्याच्या रिव्हेट सैल होतात, त्याच गरम होतात आणि गरम झाल्या की अजून सैल होतात. बल्ब होल्डरमधल्या स्प्रिंगाही बघा. स्प्रिंग एकदा तापली की तिचा ताण जातो आणि ती बल्बाला पुरती टेकत नाही. जोड पॉलिश पेपरने चकचकीत करा, लग नुसता दाबून बसवला असेल तर सोल्डर करा, वर थोडं व्हॅसलीन लावा. आपल्याकडच्या पावसाळ्यात, त्यातही कोकण किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत, ही साफसफाई दरवर्षी लागते.

वायरची जाडी हा वेगळा गुन्हा. वायरिंग नवं करताना १२ व्होल्टच्या गाडीची सवय म्हणून दीड चौरस मिलिमीटरची वायर टाकली जाते. अशा ३ मीटर वायरीत १२ अँपिअरला ०.४ व्होल्ट जातात. ४ चौरस मिलिमीटरची टाकली तर ०.१५.

रिफ्लेक्टर: चमक आणि परावर्तन वेगळं

बल्बाला पूर्ण व्होल्टेज मिळतंय आणि तरी उजेड पिवळट, मग काच उघडा.

जुने रिफ्लेक्टर पितळेवर चांदीचा मुलामा दिलेले असतात. चांदी स्वच्छ असेल तर पडलेल्या उजेडातला नव्वद टक्क्यांहून जास्त परत फेकते. क्रोमचा रिफ्लेक्टर डोळ्याला आरशासारखा दिसतो, पण परत फेकतो जेमतेम पासष्ट टक्के. तरी कोणीतरी ‘चांदी काळी पडते, क्रोम करून टाकू’ असा सल्ला देतो आणि दिव्यातला तिसरा हिस्सा उजेड कायमचा जातो. क्रोम केलेल्या रिफ्लेक्टरला कुठलाही बल्ब वाचवू शकत नाही.

चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते. मऊ सुती कापड, भांड्यांवरची नव्हे तर दागिन्यांवरची अगदी बारीक पावडर आणि हलका हात. मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. गोल ओरखडे प्रकाश विस्कटतात. पितळेची पॉलिश, चिंच, राखुंडी हे सगळं स्वयंपाकघरात ठेवा. मुलामा केसाहूनही पातळ असतो. तीन-चारदा घासलात की खालचं पितळ डोकावतं आणि मग उजेड पिवळा येतो तो खरोखर पितळेचाच.

काच आणि रिफ्लेक्टरमधलं गॅसकेट बदला, नाहीतर आठवड्यात धूळ परत आत. इथे कॉर्कच वापरा. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बसवलेली मी खूप पाहिली आहे. रबरात गंधक असतं, आणि बंद डब्यात चांदीशेजारी गंधक ठेवल्यावर काय व्हायचं तेच होतं.

परत बसवताना काचेवरच्या रेघा सरळ उभ्या ठेवा. काच थोडी फिरली की झोत तिरपा पडतो.

भिंतीची कसोटी

व्होल्टेज आणि रिफ्लेक्टर दोन्ही ठीक झाल्यावरच ही करा. आधी केलीत तर परत करावी लागेल.

सपाट जागेवर गाडी भिंतीसमोर उभी करा. भिंत दिव्यांपासून २५ फूट. टायरमध्ये हवा बरोबर, गाडी रिकामी. दिव्यांच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने आडवी रेघ ओढा आणि प्रत्येक दिव्यासमोर एक उभी. एक दिवा पोत्याने झाका, पण पोतं काचेवर जास्त वेळ ठेवू नका. मॉडेल ए च्या दिव्याला मागे फोकसचा स्क्रू असतो. तो फिरवला की बल्ब रिफ्लेक्टरमध्ये पुढेमागे सरकतो. भिंतीवरचा पट्टा उंचीला सगळ्यात अरुंद आणि कडेला रेखीव दिसेल तिथे थांबा. मग दिवा बैठकीवर हलवून पट्ट्याची वरची कड खडूच्या रेघेच्या साधारण २ इंच खाली आणा.

२ इंचच का? दिवा जमिनीपासून ३६ इंचांवर असेल, तर २५ फुटांत २ इंच उतरणारा झोत ४५० फुटांवर जमिनीला टेकतो. ६ इंच खाली लावलात तर १५० फुटांवरच टेकेल. म्हणजे ‘दिवे मंद आहेत’ ही तक्रार कधी कधी नुसत्या सैल बोल्टाची असते. मागच्या सीटवर तीन माणसं आणि डिकीत सामान असेल तर नाक वर होतं. घरच्यांना घेऊन रात्री निघणार असाल तर माणसं बसवून एकदा बघा.

बल्ब सारखे उडत असतील तर

मंद दिव्याच्या बरोबर उलट दोष. मॉडेल ए सारख्या गाड्यांच्या तीन ब्रशच्या डायनामोला व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर नसतो. त्याला आवरते ती बॅटरी. बॅटरीचं टोक सैल असेल, अर्थिंगची पट्टी तुटत आली असेल किंवा बॅटरीच म्हातारी असेल, तर डायनामो मोकाट सुटतो. व्होल्टेज शेकडा दहाने जरी वाढलं तरी बल्बाचं आयुष्य तिसऱ्या हिश्श्यावर येतं. दोन्ही बल्ब एकाच रात्री उडाले, तर बॅटरीची टोकं हाताने हलवून बघा. हलली तर कारण सापडलं. आणि चालू गाडीत बॅटरी काढून ‘डायनामो चार्ज करतो का’ हे बघायची जी पद्धत आहे, ती तुमच्या गाडीवर कोणालाही करू देऊ नका. १२ व्होल्टची बॅटरी लावून स्टार्ट मारताना दिवे बंद आहेत ना, हेही बघा.

सुधारणा

सगळं करूनही उजेड कमी वाटत असेल तर मी एकच बदल सुचवतो: रिले, म्हणजे थोड्याशा प्रवाहाने चालणारा विजेचा स्विच. बॅटरीकडून २० अँपिअरचा फ्यूज घालून जाड वायर दिव्यांजवळ आणा, मध्ये रिले बसवा. मग जुन्या स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलपुरता प्रवाह जातो, स्विच थंड राहतो आणि वाट आखूड होते. रिले ६ व्होल्टचाच हवा. १२ चा धरतो-सोडतो करत बसतो. मॉडेल ए मध्ये मुळात फ्यूजच नाही, त्यामुळे या निमित्ताने तोही बसतो.

जास्त वॅटचे हॅलोजन मला पटत नाहीत. ६ व्होल्टवर ५५ वॅटचे दोन म्हणजे १८ अँपिअरच्या वर. डायनामो तेवढं देत नाही, मग बॅटरी उतरते आणि स्विच भाजतो. एलईडीने प्रवाहाचा प्रश्न सुटतो, पण जिथे तार असायला हवी तिथून प्रकाश निघत नसेल तर जुना रिफ्लेक्टर तो भलतीकडे फेकतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. बसवणारच असाल तर तुमच्या अर्थिंगला चालतो का ते विचारा. धन अर्थिंगच्या गाडीत बरेचसे पेटतच नाहीत. बसवल्यावर भिंतीची कसोटी पुन्हा करा.

इथे थांबा

वायरच्या सुती आवरणाचा हातात भुगा होत असेल तर एकही जोड हलवू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत फ्यूज नसतो. तार चेसिसला टेकली की बॅटरी तिच्यात पूर्ण ताकदीने रिकामी होते. बॅटरीची अर्थिंगची वायर काढा आणि संपूर्ण वायरिंग जुन्या गाड्यांचं काम येणाऱ्या माणसाकडून करून घ्या. दिवे लावल्यावर जळका वास आला, तरी तेच.

डायनामोचा तिसरा ब्रश स्वतः सरकवू नका. फिरण्याच्या दिशेने जरासा पुढे गेला की चार्जिंग वाढतं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. किती वाढलं हे ॲमीटर आणि अनुभव दोन्ही असलेल्यालाच कळतं. आर्मेचर (डायनामोचा फिरता भाग) जळालं तर बल्बांच्या कित्येक पट खर्च येतो.

चांदीचा मुलामा घरी देण्याचे व्हिडिओ बघून हौद मांडू नका. त्या द्रावणात सायनाइड असतं. मुलामा देणाऱ्याकडे रिफ्लेक्टर न्या. आमच्या कोल्हापूरकडे हुपरीसारखं चांदीचं गाव आहे, इतरांनी आपल्या सराफाला विचारावं. त्याला एकच सांगा: जाड चांदी, वर लाख नको, आणि क्रोमचं नाव काढू नका.

आणि गाडी १९१५ च्याही आधीची, कार्बाइडच्या दिव्यांची असेल, तर वरचं काहीच लागू नाही. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो. बर्नरचं टोक तुंबलं की ज्योत वाकडी होते. ते टोक बारीक तारेने साफ करा, इतकंच घरचं काम. नळी बदलायची वेळ आली आणि कोणी तांब्याची सुचवली, तर त्याला गाडीपासून लांब ठेवा. तांबं आणि ॲसिटिलीन मिळून जे संयुग बनतं ते नुसत्या धक्क्याने फुटतं. असे दिवे पेटवून बघायचे तर माहितगाराच्या समोर, उघड्यावर, आणि पहिल्यांदा दिवसाउजेडी.